ज्वारीची बीअर

३ एप्रिल १९९५

सकाळ बरी गेली. मग अमृतराव आला.

अमृतराव दमयंतीचा भाऊ. त्या घरातून मला एक बायको आणि एक मेव्हणा मिळाला. मेव्हणा मी मागितला नव्हता.

शैलाच्या स्थळाचा निरोप घेऊन आला होता. मुलगा दिगंबर, पैनगंगेपलीकडे झेडपीच्या शाळेत मास्तर. शैलाच्या बरोबरच बी.एड. झाला. बाप बाबाराव, कापूस पिकवतो. हुंडा नको, स्कूटर नको. अट एकच. सुपारी फुटायच्या आधी मुलीच्या बापाने स्वतःच्या हाताने बीअर ओतायची आणि मुलाच्या बापासोबत बसून प्यायची.

मी म्हणालो, असला रिवाज मी ऐकलेला नाही. अमृतराव म्हणाला, "तुमी दुसऱ्याचं काय आयकलं हाय आजवर?"

जानेवारीपासून आमच्या राज्यात दारू बंद आहे. पैनगंगेपलीकडे दुसरं राज्य, तिथे चालू आहे. आमच्या मोहल्ल्याच्या दारूबंदी समितीचा मी सेक्रेटरी आहे. आयुष्यात थेंब घेतलेला नाही. समितीचे नियम मी एकट्याने लिहिले. कलम चार: जो पिऊन सापडेल त्याच्या गळ्यात रिकाम्या बाटल्यांची माळ घालून मारुतीपर्यंत न्यायचं आणि तिथे शपथ द्यायची. कलम पाच: माफी नाही. मागच्या महिन्यात महिपत शिंपी सापडला. माळ मी स्वतः घातली. तो रडला. परिणाम चांगला झाला.

अमृतरावला सांगितलं, नकार कळव.

तेव्हा दमयंती स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि आधीची तीन स्थळं माझ्या तोंडाने कशी मोडली ते पहिल्यापासून सांगू लागली. पहिल्या मुलाच्या काकाला मी बैल म्हणालो, असं तिचं म्हणणं. चूक. बैलाला निदान काम असतं, असं म्हणालो होतो. दुसऱ्या मुलाची आई भजन म्हणत होती, ते मी थांबवलं. कोणीतरी थांबवायला हवंच होतं. तिसऱ्या वेळी मी फक्त खरं बोललो.

शैला दारात उभी होती. म्हणाली, "बाबा, या खेपेला पाजाच."

बापाला असं सांगते. बी.एड.चा परिणाम.

संकल्प: आजपासून जिभेवर ताबा.

४ एप्रिल

ऑफिसात उत्तमरावला गाढव म्हणालो. फाइल खालून वर वाचतो. संध्याकाळी शैलाला सांगितलं. तिने विचारलं, "मग ते काय म्हणाले?" नेहमी विचारते. आणि पुढचं ऐकायला हातातलं काम थांबवते. या घरात तेवढी एक चांगली सवय तिला आहे.

ताबा उद्यापासून.

५ एप्रिल

उत्तर सापडलं.

जिल्हा ग्रंथालयात एक जाड इंग्रजी पुस्तक आहे. माझ्याशिवाय कोणी उघडत नाही. त्यात लिहिलं आहे की अमेरिकेत दारूबंदी झाली तेव्हा तिथल्या कारखान्यांनी अल्कोहोल नसलेली बीअर काढली. रंग तोच, फेस तोच, बाटली तीच. लोक पीत होते.

मी रसायनशास्त्राचा बी.एस्सी. आहे हे या गावाला तीस वर्षांत कळलेलं नाही. आता कळेल.

बार्ली इथे मिळत नाही. नसू दे. जैनथ गावच्या आमच्या शेतातली ज्वारी आहे. मोड आणायचे, वाळवायचे, भाजायचे, भरडायचे, उकळायचे, गाळायचे. आंबू द्यायचं नाही. आंबलं नाही की अल्कोहोल नाही.

कायदा मोडणार नाही, माझं व्रत मोडणार नाही, सोयरीक मोडणार नाही. आणि पैनगंगेपलीकडच्या त्या कापूसवाल्याला काही कळणार नाही. पुढे राज्यभर विकता येईल.

अमृतरावला होकार कळवायला सांगितला. त्याने माझ्याकडे फार वेळ पाहिलं. म्हणाला, खरी पाहिजे असेल तर तो पलीकडून आणून देईल, नाक्यावरचा पोलीस ओळखीचा आहे. मी त्याला तत्त्व म्हणजे काय ते समजावलं. त्याला जायचं होतं.

८ एप्रिल

मोड आलेली ज्वारी गच्चीवर वाळत घातली. चिमण्यांनी अर्धी नेली. या गावातल्या चिमण्याही फुकट्या.

शेजारच्या गच्चीवरून देवकाबाईंनी पाहिलं. देवकाबाई म्हणजे माजी पटवाऱ्याची बायको आणि आमच्या समितीच्या अध्यक्षा. मोहल्ल्यात कोण काय प्यालं ते त्यांना वाऱ्यावर कळतं, असं लोक म्हणतात. अध्यक्षपद त्यांना नाकामुळे मिळालं. त्यांनी विचारलं, "काऊन हो हनमंतराव, ज्वारीले मोड काऊन आनून राह्यले?"

म्हणालो, डायबिटीस.

"कोनाले?"

मी खाली निघून आलो. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर द्यायला मी बांधील नाही.

१० एप्रिल

पहिला काढा तयार झाला. (काढा हा शब्द वापरायचा नाही. अर्क.)

रंग: पुरातली पैनगंगा. वास: ओल्या पोत्याचा, पण चांगल्या पोत्याचा. चव: भारदस्त.

दमयंतीने घोट घेतला आणि मोरीकडे गेली. तिला चवीतलं कधीच कळलं नाही, तीस वर्षं तिच्या हातचं जेवतो आहे. शैलाने घोट तोंडात धरला, कसाबसा गिळला आणि म्हणाली, "बाबा, मामा खरी आणतो म्हणतोय ना? ती नाही का चालणार?"

नाही चालणार.

कडूपणा कमी पडतो. विलायतेत कसलीशी फुलं घालतात. आपल्याकडे काडेचिराईत आहे. घरात पडूनच आहे, शैलाला गेल्या वर्षी टायफॉइड झाला तेव्हाचं.

१३ एप्रिल

भंगारवाल्याकडून तपकिरी बाटल्या आणल्या. दारूबंदी झाल्यापासून त्याच्याकडे बाटल्यांचा डोंगर पडला आहे. भर दुपारी पिशवीत घालून आणल्या, म्हणजे कोणी पाहणार नाही. पिशवी वाजत होती. देवकाबाई फाटकात उभ्या होत्या. म्हणालो, फिनेल. त्यांना पटलं. निदान त्या काही बोलल्या नाहीत.

मग सोड्याच्या कारखान्यात गेलो. कारखाना म्हणजे करीमभाई आणि एक मशीन. अर्कात गॅस भरून द्या म्हणालो. त्याने नाक लावलं. "साब, ये पीने का है या लगाने का?"

मी म्हणालो, टॉनिक.

"मेरी मशीन को कुछ हुआ तो?"

मशीनला काही झालं नाही. लोक उगाच घाबरतात. एक बाटली फुटली, ती आधीच तडकलेली असणार.

१५ एप्रिल

चव आली, रंग आला, कडूपणा आला. (कडूपणा भरपूर आला.) फेस येत नाही. सोड्याचा फेस येतो आणि मरतो. बीअरचा फेस ग्लासावर उभा राहिला पाहिजे.

सकाळी विचार करत असताना दमयंती केस धुवायला बसली. तिच्या भांड्यात फेस उभा होता.

रिठा.

इतकी सोपी गोष्ट. न्यूटनचंही असंच झालं असेल.

दुपारी चार. एका बाटलीत रिठ्याचं पाणी घातलं. फेस ग्लासाबाहेर आला, टेबलावरून उतरला आणि दारापर्यंत गेला. उत्कृष्ट. पुढच्या वेळी थोडं कमी.

संध्याकाळी पोटात हालचाल. सकाळच्या सांबाराचा दोष.

१७ एप्रिल

तज्ज्ञाचं मत हवं होतं. अमृतरावने आयुष्यात दुसरं काही केलं नाही, पण पिण्यात तो तज्ज्ञ आहे. त्याच्यासमोर बाटली उघडली. त्याने ग्लास उजेडात धरला, हुंगला, एक घोट घेतला. मग ग्लास खाली ठेवला. डोळ्यांत पाणी आलं.

म्हणाला, "पाजा. बिनधास्त पाजा."

इतकं स्पष्ट मत मी अपेक्षिलं नव्हतं. त्याने एक सूचना केली, तीही बरी होती. म्हणाला, यजमान प्याला आणि त्याला काहीच झालं नाही तर पाहुण्याला शंका येईल. "तुमाले थोडी चढली पाह्यजे, भावजी. दोन शब्द इकडचे तिकडचे जाऊ द्या. पेल्यावरचं कोनी मनावर घेत नाई."

माझ्या मेव्हण्याला डोकं आहे असं मी या वहीत पहिल्यांदा लिहितो आहे. शेवटचंही असेल.

१९ एप्रिल

चढल्यावर माणूस काय करतो हे मला माहीत नाही. महिपत शिंप्याच्या दुकानात गेलो. तो मशीनवरून उठला नाही. माळेचा राग अजून आहे. विचारलं, प्याल्यावर नेमकं काय होतं?

तो म्हणाला, "पोटात दाबून ठेवलेलं भायेर येते, सायेब. पन तुमाले प्यायची काय गरज? तुमचं तं रोजच भायेर असते."

उद्धट माणूस. माळ आणखी जड हवी होती.

घरी आरशासमोर सराव केला. जरा डोलायचं, आवाज चढवायचा, बोट नाचवायचं. दमयंतीने दार लावून घेतलं.

२२ एप्रिल, सकाळ

आज सुपारी. चार वाजता येतील.

योजना: बायका पुढच्या खोलीत, आम्ही मागच्या पडवीत. दोन ग्लास त्यांना, दोन मला. दुसऱ्या ग्लासानंतर चढल्याचा अभिनय, मोजका. बोलायचं ते पाऊस-पाणी आणि कापसाचा भाव, एवढंच. शैला सकाळी येऊन म्हणाली, "बाबा, काहीही झालं तरी आधी त्यांना पाजा, मग बोला." क्रम मला माहीत आहे.

जिभेवर ताबा पूर्ण आहे. दोन दिवसांत कोणालाही काही म्हणालो नाही. दोन दिवस रजेवर होतो.

२२ एप्रिल, संध्याकाळ

यश.

बाबाराव साधा माणूस. पांढरं धोतर, मोठ्या मिशा, बोलणं कमी. पहिला घोट घेतला तेव्हा डोळे मिटले. जाणकार डोळे मिटतात. मग नाक चिमटीत धरून ग्लास एका दमात संपवला आणि पुन्हा पुढे केला. याहून मोठी पावती काय असते? दुसऱ्या ग्लासानंतर त्यांनी विचारलं, "चढली काय व्याही तुमाले?"

तिथून मी अभिनय सुरू केला. चांगला झाला. थोडा लांबला. मी उभा राहून बोलत होतो असं आठवतं. पुढच्या खोलीतल्या बायकाही येऊन दारात उभ्या राहिल्या होत्या. कोणी हलत नव्हतं.

सुपारी फुटली. लग्न १४ मे.

२३ एप्रिल

दमयंती म्हणते, मी काल जे बोललो ते मला माहीत नसेल तर तिला माहीत आहे. तिने सांगितलं. माणसाने बोललेलं बायको ज्या आवाजात परत म्हणून दाखवते त्या आवाजात काहीही वाईटच वाटतं.

तिच्या म्हणण्याप्रमाणे मी पुढील गोष्टी बोललो. बाबारावांच्या मिशा म्हणजे चेहऱ्यावरचं अतिक्रमण आहे. दिगंबरला पाहिल्यावर झेडपीच्या शाळा का बुडाल्या ते कळलं. बाबारावांची बहीण विमलबाई जेवायला बसली तेव्हा मला वाटलं कडबा कापायचं मशीन सुरू झालं. आणि सरकारने पैनगंगेवर पूल बांधला खरा, पण अक्कल अजून अलीकडेच थांबते, तिला बस मिळत नाही.

हे शेवटचं बरं आहे. मला आठवतं.

पण मग बाबाराव उठले. शैला चौकटीला धरून उभी होती. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना म्हणाले, "ही दारू बोलून राह्यली. व्याही नाई बोलून राह्यले. चला, सुपारी आना." आणि सुपारी फुटली.

म्हणजे माझ्या अभिनयानेच सोयरीक वाचवली. दमयंतीला हे दिसत नाही.

ती म्हणाली, सर्वांत शेवटी मी शैलाबद्दलही काही बोललो. ते तिने सांगितलं. ते लिहीत नाही. मी तसं बोलणार नाही.

२४ एप्रिल

पाहुण्या बायकांत देवकाबाई होत्या. त्यांना कोणी बोलावलं ते कळत नाही. (दमयंतीने.)

आज सकाळी ओट्यावर येऊन सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सेक्रेटरी सायेब, कलम चार तुमीच लिवलं ना?"

मी हसलो. म्हणालो, परवा येतो आणि तुमच्यासमोर सगळं सिद्ध करतो. कॉलेजातल्या वामनराव डेमॉन्स्ट्रेटरकडून हायड्रोमीटर आणला. अल्कोहोल किती ते आकड्यात कळतं. माझ्या बीअरमध्ये शून्य. नाक मोठं की विज्ञान, हे देवकाबाईंना कळू दे. मग त्यांची अध्यक्षपदावरून उचलबांगडी.

२६ एप्रिल

सकाळी नऊ. इस्त्रीचा शर्ट घातला. एका हातात हायड्रोमीटर, एका हातात बाटली. निघालो.

दमयंती दारात आडवी उभी. म्हणाली, कुठे? सांगितलं. दारू नव्हती हे जाहीर करायला.

ती म्हणाली, "जा. सांगा. गावभर सांगा. संध्याकाळपरेंत पलीकडं पोचते. बाबाराव म्हनले दारू बोल्ली, म्हनून सुपारी फुटली. दारू नव्हती तं मंग बोल्लं कोन?"

मी उभा राहिलो.

बूच सैल होतं. फेस बाटलीतून निघाला, हातावरून आला आणि बुटावर उतरला. शैला आतून फडकं घेऊन आली आणि बूट पुसला. वर पाहिलं नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, तुम्ही प्यालाच होतात ना?"

शर्ट काढून ठेवला.

२७ एप्रिल

मार्ग अनेक आहेत.

एक. देवकाबाईंना एकट्यांना खरं सांगायचं आणि गुप्त ठेवायला सांगायचं. यापेक्षा चौकात लाउडस्पीकर लावावा.

दोन. अमृतरावने बीअरमध्ये काही मिसळलं असं म्हणायचं. हा मार्ग मला फार आवडला. दमयंतीला आवडला नाही.

तीन. औषध. खोकल्याच्या औषधात अल्कोहोल असतं. म्हणजे कायदा शाबूत आणि बोलणंही औषधाचं. डॉक्टरकडे गेलो, सर्टिफिकेट मागितलं. त्याने खोकायला सांगितलं. खोकलो. त्याने ब्लड प्रेशर पाहिलं आणि मीठ कमी करा म्हणाला. याच्या सात पिढ्यांत कोणी डॉक्टर नव्हता, ते दिसतं.

२८ एप्रिल

मारुतीच्या ओट्यावर समितीची सभा. अर्धा मोहल्ला आला होता. गणपतीच्या वर्गणीला इतके येत नाहीत.

देवकाबाईंनी मला सरळ विचारलं, प्यालात का?

शैला बायकांत बसली होती.

म्हणालो, प्यालो.

देवकाबाईंनाही हे उत्तर अपेक्षित नसावं. त्यांचा आवाज खाली आला. म्हणाल्या, "पह्यलीच खेप हाय. पोरीचं लगन तोंडावर हाय. या बारीले माफ करू." दोघी-तिघींनी माना हलवल्या. बायकांची बुद्धी कधीकधी चालते.

तेवढ्यात मागून महिपत म्हणाला, "कलम पाच वाचा."

नियमांची वही पुढे आली. माझं अक्षर कोणाला लागेना. शेवटी वही माझ्याच हातात दिली. मी उभा राहून वाचलं. "माफी नाही." वाक्य चांगलं आहे. आखूड आहे.

सेक्रेटरीपद गेलं. नवीन सेक्रेटरी: महिपत. याला सहीसुद्धा वळणदार येत नाही.

३० एप्रिल

झालं.

माळेला बाटल्या माझ्याच घेतल्या, मागच्या पडवीतल्या. कोणी धुतल्या नव्हत्या. उन्हाने आतला रिठा तापला आणि घरापासून मारुतीपर्यंत माझ्या छातीवर फेस गळत होता. ताशेवाला होता. कलम चारमध्ये "वाजतगाजत" हा शब्द मी का घातला होता ते आता आठवत नाही.

माळ महिपतने घातली. म्हणाला, "सायेब, मान वाईच खाली करा. दोरी टोचते. मले टोचली होती." मी म्हणालो, शिवण तुझी उसवते, दोरीचं काय सांगतोस. त्याने गाठ मारली. दोरी खरोखर टोचते.

शपथ घेतली. आजपासून दारूला शिवणार नाही. जो कधी शिवला नाही त्याने ही शपथ घ्यायची. करीमभाई गर्दीत होता. टाळ्या वाजवत म्हणाला, "अच्छा किया साब, छोड दिया."

लोक आदराने पाहत होते. त्यागाला लोक गर्दी करतातच. ऑफिसातल्या उत्तमरावने मात्र गर्दीतून पुढे येऊन हात मिळवला आणि म्हणाला, त्याचा मावसभाऊही असाच सुधारला. मी त्याला काहीही म्हणालो नाही.

घरी येऊन शैलाला सांगितलं की काहीही म्हणालो नाही. ती म्हणाली, "मग ते काय म्हणाले?"

हसलो. बऱ्याच दिवसांनी. दोघंही.

१४ मे

लग्न लागलं. जेवणं बरी झाली. अमृतरावने भाताचं पातेलं वेळेवर आणलं नाही, ते अपेक्षितच होतं.

दुपारी मंडपामागे बाबाराव मला एकटे भेटले. कडुनिंबाखाली खाट होती, तिच्यावर बसले आणि मलाही बसवलं. पान लावलं. मी ठरवलं होतं की हवापाण्यावर बोलायचं. म्हणालो, पाऊस यंदा वेळेवर येईल.

ते म्हणाले, "व्याही, तुमच्या त्या बीअरमंदी चिराईत होतं."

मी वर कडुनिंबाकडे पाहिलं.

"आन रिठा होता. आमच्या घरी रिठ्यानं लुगडी धुतेत. मले दोन दिवस ढेकरीतून फेस आला."

मी म्हणालो, बीअरची सवय नसणाऱ्याला असं होतं.

ते म्हणाले, "सवय कशाची? मी जल्मात दारू घेतली नाई."

मग त्यांनी सांगितलं. रिवाज वगैरे काही नव्हता. ना त्यांच्यात, ना त्यांच्या गावात. माझ्या तोंडाने तीन स्थळं गेली हे दिगंबरला माहीत होतं, शैलानेच सांगितलं होतं. दोघांनी बसून विचार केला. हणमंतराव बोलणार, हे नक्की. गप्प बसवता येणार नाही. मग बोलण्याला काहीतरी कारण पाहिजे. अमृतराव म्हणाला, दारूसारखं कारण नाही. पोरीने बाबारावांना निरोप पाठवला: बाबा बोलतील तेव्हा तेवढं दारूवर घाला. बाबारावांनी ठरवलं, सुनेसाठी एक दिवस व्रत मोडू. नाक धरून प्यायला बसले.

"आन तुमी मले तापाचा काढा पाजला," ते म्हणाले. खाट हलेपर्यंत हसले. त्या मिशांसकट हसले.

मी म्हणालो, म्हणजे पहिल्या घोटापासून तुम्हाला माहीत होतं की त्यात दारू नाही. मी जे बोललो ते—

"तुमीच बोल्ले. मी काय भयरा हाय?" पान तोंडात घातलं. थोडं चावलं. "मिशा, मास्तर, विमल, पूल, हे समदं मी दारूवर घातलं. पोरीनं तसंच सांगतलं होतं. पोरीबद्दल शेवटी जे बोल्ले, ती गेल्यावर माझं कोन आयकनार म्हनून, ते तेवढं तुमच्यावर ठेवलं."

मी म्हणालो, पान कच्चं आहे. ते म्हणाले, "व्हय."

पाच वाजता गाडी निघाली. शैला पाया पडली. मी एक वाक्य ठरवून ठेवलं होतं. ड्रायव्हरने गाडी चुकीची लावली होती, तर त्याला सांगण्यात वेळ गेला.

१५ मे

माळ माझ्या गळ्यात, शपथ माझी, पद महिपतला. आणि सगळं एका काढ्यासाठी. अमृतरावशी बोलणं बंद. दमयंतीशी बंद होतंच. बाबारावांना एक कडक पत्र लिहायचं. उद्या.

१७ मे

पडवीत एक बाटली राहिली होती. उघडली. फेस उभा राहिला. चव घेतली.

वाईट आहे.

दमयंती देवकाबाईंकडे गेली आहे. कडक पत्र लिहिलं नाही.

ऑफिसात आज उत्तमरावला गाढव म्हणालो. घरी येऊन तसं सांगितलंही, मोठ्याने, पुढच्या खोलीत. मग तो काय म्हणाला, असं कोणी विचारलं नाही.